समुद्रावर मायचा उपास

जहाजावरून परत आल्यापासून कारंज्याच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पातेल्याचा भाव विचारायच्या आधी विचारतं, "मंग ताई, काय काय पाह्यलं?" मी खरं तेच सांगते. एक खोली पाहिली, तिचं न्हाणीघर पाहिलं आणि एक खाट मावेल एवढी गॅलरी पाहिली. लोकांना वाटतं, बाईला सांगायचं नाही म्हणून थट्टा करते. एवढे पैसे घालून माणूस न्हाणीघर पाहून येतं का? येतं बाप्पा, आम्ही आलो. सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते.

शेलूबाजारहून

माझं माहेर शेलूबाजारच्या जवळ, रस्त्यापासून आत. तिथे माझी माय, धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको सुनीता राहतात. शेती बरी आहे, संत्र्याची थोडी झाडं आहेत. विलासच्या दोन्ही किडन्या ऐन चाळिशीत गेल्या. त्याचं डायलिसिस चालू होतं तेव्हा दिवसभराचं पाणी सुनीता एका तांब्यात मोजून ठेवायची, आणि तो तांब्या संपला की संपला. उन्हाळ्यात तो घशाला कोरड पडून नुसता तांब्याकडे बघत बसायचा. तेव्हा एकदा म्हणाला होता, "ताई, चारी बाजूले पानी अन् काठ कुठंच नाई, असं मले एक डाव पाह्याचं हाय."

पुढे मायने त्याला आपली एक किडनी दिली. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचं वय बघून नाक मुरडलं होतं, पण तपासण्यांत माय तरण्या बायांना मागे टाकून पास झाली. ऑपरेशनला पाच वर्षं झाली, दोघंही ठणठणीत, म्हणून यंदा सोयाबीन निघाल्यावर विलासने मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली. माझे यजमान लग्नसराईच्या तोंडावर दुकान सोडायला तयार नव्हते. मी एका पायावर तयार होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण सोबत दम दिला. विलास रोज ज्या गोळ्या घेतो, त्या शरीराची लढायची ताकद कमी करतात, म्हणजे परकी किडनी शरीर हाकलून देत नाही. त्यामुळे दुसऱ्याला साधी हगवण होते, ती याला भोवते. शिवाय उलट्या लागून गोळ्याच बाहेर पडल्या तर किडनी रुसायला वेळ लागत नाही. गरम तेवढं खा, कापलेली फळं नको, पाणी सीलबंद बाटलीचं, आणि हात साबणाने. मायला सांगितलं, तुमचीही आता एकच आहे, पाणी भरपूर प्या. माय जोरात हो म्हणाली.

पहिला दिवस, जहाजावर

अकोल्याहून रेल्वेने मुंबई गाठली ती हकीकत सोडून देते. आमच्या डब्यातलं एक लेकरू वाटेत दोनदा ओकलं आणि मायने उठून त्याचं तोंड पुसून दिलं, एवढंच ध्यानात ठेवा.

जहाज म्हणजे पाण्यावर उभं केलेलं आठ-दहा मजली लॉज. चढताना सामान तपासलं आणि मायचा ठेचा, तिळाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी काढून ठेवल्या. बाहेरचं अन्न आत चालत नाही म्हणे. मायचं तोंड एवढंसं झालं. "आपल्या भाकरीनं कोनाले काय होते?" ती त्या पोलिसासारख्या मुलाला विचारत होती. त्याला बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, तो फक्त हात जोडत होता.

जेवणघराच्या दारात दोन मुली गाणं म्हणत प्रत्येकाच्या तळव्यावर हात साफ करायचं जेल टाकत होत्या, आणि शेजारीच बेसिनांची रांग होती. बेसिनाकडे कोणी वळत नव्हतं, सगळे जेल चोळून पुढे. मायने तर ते तळव्यावर तीर्थासारखं घेतलं. ओठाला लावणार एवढ्यात सुनीताने हात धरला. मग मायने ते हाताला चोळलं आणि उरलेलं डोळ्यांना लावायला गेली, तेव्हा मी हात धरला.

आत गेल्यावर माझे डोळे फिरले. आपल्याकडे पंगतीत वाढप्याच्या हातात वरणाचं भांडं असतं, पळी त्याच्याशिवाय कोणी धरत नाही. इथे शंभर भांडी उघडी, प्रत्येकात एक चमचा, आणि तोच चमचा सगळं जहाज धरून राहिलेलं. आपल्या पंगतीला मागासलेली म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

तिथेच कामरगावची प्रमिलाबाई आणि तिचे यजमान रमेशभाऊ भेटले. ओळख पाळख काही नाही, पण मायचं "खाय ना वं" त्यांच्या कानावर पडलं आणि ते ताटं घेऊन आमच्याच टेबलावर आले. समुद्रात कामरगाव भेटलं म्हणून मायला ठेच्याचं दुःख निम्मं विसरायला झालं.

मग मायने खिचडीचा घास केला आणि विलासच्या तोंडात घातला. ही आमच्या घरची रीत. ऑपरेशननंतर घरी आल्यावर त्याने पहिला घास तिच्या हातचा खाल्ला, तेव्हापासून गावाबाहेर कुठेही गेलो की पहिला घास मायच्या हातचा. विलास डोक्याचे केस पांढरे झालेला बाप्या, पण चारचौघांत आ करून बसतो. आम्ही सगळे हसलो. प्रमिलाबाईने तर फोटोही काढला.

दुसरा दिवस, नुसतं पाणी

सकाळी मी उठले तर माय आंघोळ करून बसलेली. म्हणाली, "तुमी जा चहाले. आज उपास हाय मायावाला."

आपल्या घरात आईने उपास म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. कोणाचा, कशाचा, काही नाही. मी चहा पिऊन आले, विलास आणि सुनीता येऊन दारातून बोलून गेले. साबुदाणा आणू का म्हटलं तर नको. दूध? नको. निरंकार. मी गॅलरीत गेले तर कठड्यावर जहाजाचे दोन पांढरे टॉवेल वाळत घातलेले. असल्या ठिकाणी टॉवेल कोण धुतं?

मी आत येऊन मायकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले.

"माय, खरं सांग. उलट्या झाल्या ना?"

"हळू बोल ना वं. झाल्या दोन-चार. संडासबी लागली. म्या सारं पुसून काढलं, कोनाले काई दिसत नाई."

"अन् मले उठवलं काहून नाई?"

"तू उठली असती तं विलासले समजलं असतं. पोट्टा एवढ्या हौसेनं आला. लोकं म्हनतीन म्हतारीनं पयल्याच दिवशी घान केली." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "तू कोनाले सांगू नको. उद्यालोक जाते सारं."

मला इतका राग आला की विचारू नका. राग मायवर नव्हता, त्या घासावर होता. काल संध्याकाळी त्याच हाताने विलासच्या तोंडात घातलेला घास माझ्या डोळ्यांसमोर आला. मी फोन उचलला. माय म्हणत होती, "शोभे, ठेव तो फोन, तुले माही आन हाय." मी तिची आण मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मोडली आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा मोडेन.

जहाजाच्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आणि केरळची एक सिस्टर तोंडाला मास्क लावून आल्या. सिस्टरचं हिंदी तिच्या पद्धतीचं, पण धाक सासूचा. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही कधी जहाजावर जाल तर उपयोगी पडेल. हा उलट्या-जुलाबाचा आजार बहुतेक आमच्यासोबत रेल्वेतूनच चढला होता. तो हातावरून, दाराच्या मुठीवरून, चमच्यावरून जातो. जहाजात सगळे एकाच छपराखाली खातात, म्हणून एकाचा दहांना होतो. "जेल से ये नहीं जाता. साबुन और पानी. देर तक," सिस्टर म्हणाली. पुसायचं असेल तर टॉवेलने नाही, त्यांच्या औषधाच्या पाण्याने, आणि ते त्यांची माणसं पुसतील. फ्लश ओढायच्या आधी झाकण बंद. माय आणि मी दोघी खोलीतच राहायचं, उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुढचे दोन दिवस. दार फक्त त्यांनी उघडायचं.

विलासला त्यांनी शेजारच्या खोलीतून बोलावलं नाही, फोनवरच सगळं विचारलं. नागपूरच्या डॉक्टरांशीही बोलल्या. त्याला व्हायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत होईल असं म्हणाल्या. तोवर त्याने जेवणघरात जायचं नाही, गरम जेवण खोलीत येईल, आणि पोटात जरा कालवलं तरी लगेच कळवायचं. वरच्या उघड्या मजल्यावर जाऊन समुद्र पाहायला हरकत नाही.

थोड्या वेळाने पिवळा झगा घातलेला एक माणूस आला. दिव्याची बटणं, नळ, टीव्हीचा रिमोट, मायने हात टेकला असेल नसेल ते सगळं त्याने पुसलं. चादरी आणि ते दोन टॉवेल एका पिशवीत बांधून नेले. ती पिशवी म्हणे धुण्याच्या मशीनमध्ये आपोआप विरघळते, म्हणजे आतल्या कपड्यांना कोणाचा हात लागत नाही. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. "परक्या लेकराकून माही घान काढून राह्यले," असं म्हणून ती रडली. उलट्या होताना रडली नव्हती.

तिसरा दिवस, बेट समोर

जहाज बेटाजवळ थांबलं. गॅलरीतून पाण्याचा रंग असा दिसत होता की आपल्याकडे तसा रंग फक्त नव्या बांगड्यांत दिसतो. लहान बोटीतून माणसं बेटावर जात होती. विलास आणि सुनीताची खोली लागूनच होती, दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये एक पत्र्याचा आडपडदा. विलास सकाळपासून त्या पडद्याला लागून खुर्ची टाकून बसला होता. तो बेटावर गेला नाही आणि वरच्या मजल्यावरही गेला नाही.

"जाय ना गा," माय आतून ओरडायची. "पाह्य जाऊन तुया समुद्र."

"तू बरी झाल्यावर दोघं जाऊ," तो पलीकडून म्हणायचा.

मायच्या उलट्या थांबल्या होत्या, म्हणून मी निवांत होते. सिस्टर आली, मायची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी तशीच उभी राहिली.

"पेशाब कब किया?"

माय म्हणाली, होऊन राह्यली. मी म्हटलं, कधी? दोघी चोवीस तास एका खोलीत, मी तर ऐकलं नाही. मग हळूहळू बाहेर आलं. कालपासून तिने डॉक्टरीणबाईंनी प्यायला दिलेलं ते मिठा-साखरेचं पाणी दोन घोटांच्या वर घेतलंच नव्हतं, मी गॅलरीत गेले की बेसिनात ओतायची. का? तर प्रवासात पाणी कमी प्यायचं. आपल्या बायकांची हीच तर खोड. एस्टीत बसायचं म्हटलं की सकाळपासून तोंडाला पाणी लावायचं नाही, वाटेत कुठे उतरायचं, कुठे आडोसा शोधायचा. मीही तेच करते, खोटं कशाला बोलू? त्यात तिला वाटलं, पाणी प्यायलं की पुन्हा जुलाब होतील आणि तो पिवळ्या झग्यातला मुलगा पुन्हा येईल.

डॉक्टरीणबाई आल्या, रक्त घेऊन गेल्या. परत येऊन मला गॅलरीत बोलावलं. किडनीवर ताण दिसत होता. सलाइन लावतो, म्हणाल्या, पण संध्याकाळपर्यंत लघवी सुरू झाली नाही तर त्यांना बोटीने उतरवून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आपण कुठल्या कुठे होतो! जिथे चारी बाजूला पाणी, तिथे माझ्या मायच्या अंगात पाणी नव्हतं.

पडद्यापलीकडे विलासने सगळं ऐकलं होतं. मराठीतच बोलल्या होत्या त्या.

"ताई, मी येतो तिकडे."

"येऊ नको."

"अवं, तिची एकच हाय. दुसरी मायाजवळ हाय. मी इथं बसून काय करू?"

आत सिस्टर मायला सलाइन लावत होती. आतून मायनेच उत्तर दिलं, आवाज बारीक पण शब्द पक्के. "दारात पाय टाकला तं मी सलाइन काढून फेकीन. माही एक तुयात ठेवली हाय म्या. तिले काई झालं तं मंग मी कायले जगू?"

तो आला नाही. खुर्ची आणखी पडद्याकडे सरकवल्याचा आवाज आला. दुपारचं जेवण त्याने परत पाठवलं असं सुनीताने मला हळूच सांगितलं. तो तर सकाळच्या चहानंतर पाणीही प्यायला नव्हता.

आणि नेमक्या त्या वेळी दार वाजलं. प्रमिलाबाई, रमेशभाऊ आणि त्यांनी बेटावर ओळख करून घेतलेली अमरावतीकडची दोन जोडपी. मायला पाहायला आले होते, हातात जहाजावरचीच शहाळी घेऊन. आपल्याकडे माणूस आजारी आहे हे कळलं आणि पाहायला गेलं नाही तर पुढे लग्नकार्यात तोंड कसं दाखवायचं? मी दाराची साखळी लावून फटीतून बोलले.

"मावशी, आत येता येत नाही. हा आजार हातानं पसरते."

"अवं, आमी काय हात लावून राह्यलो? पाच मिंटं पाह्यतो अन् जातो."

"नाई मावशी."

"आमी काय परके हाओ काय?" प्रमिलाबाईचा चेहरा पडला. मागच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मायने आयुष्यात कोणाच्या आजारपणाला चुकवलं नाही, खाटेजवळ बसून पाय दाबले, आणि मी तिच्याच दारातून माणसं परत पाठवत होते.

तेवढ्यात माय अंथरुणातून बोलली, "प्रमिले, राग नको मानू. शेलूले घरी ये, चांगली चार दिवस राहाले ये. आज जाय. तुले उलटी झाली तं तुया नवरा मायाच नावानं बोंब मारन."

रमेशभाऊ हसले, मग प्रमिलाबाईही हसली, पण डोळे पुसत. शहाळी दाराशी ठेवून सगळे गेले. जाताना मी ओरडून सांगितलं, साबणाने हात धुवा. सिस्टर आली तेव्हा तिने शहाळी आधी बाजूला नेली. शहाळ्यात पोटॅशियम असतं आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून लघवी सुरू होईपर्यंत शहाळ्याचं पाणीही मायला चालणार नव्हतं. तिच्याकडूनच कळलं की जेवणघरात आता चमच्यांना कोणी हात लावायचा नाही, मास्क घातलेली मुलं वाढून देतात. म्हणजे शेवटी पंगतच!

सूर्य खाली आला. बेटावरच्या शेवटच्या बोटी परत आल्या, वरच्या मजल्यावर गाणी सुरू झाली. दुसरी सलाइन अर्धी झाली होती. सिस्टरने न्हाणीघरात एक मापाचं भांडं ठेवलं होतं. मी भांड्यांच्या दुकानातली बाई, आयुष्यभर भांडी विकली, पण एका भांड्याकडे जीव मुठीत धरून कधी पाहिलं नव्हतं. विलासचे दोन दिवस याच संध्याकाळी भरत होते. त्याला साधी मळमळही झाली नव्हती, आणि नंतरही काही झालं नाही. पण त्याचं स्वतःकडे लक्षच नव्हतं. थोड्या थोड्या वेळाने पलीकडून विचारायचा, "ताई?" मी म्हणायचे, "नाई अजून."

मग माय उठून बसली. म्हणाली, "धर वं मले." मी एका हातात सलाइनची बाटली उंच धरली, दुसऱ्याने तिला धरलं आणि न्हाणीघरात नेलं. दाराकडे पाठ करून मी उभी राहिले. बराच वेळ काही नाही. नंतर त्या भांड्यात आवाज आला, आधी थोडा, मग चांगला मोठा. मला वाटतं सनईचा आवाजही मला एवढा गोड लागला नसेल.

सिस्टर आली, भांडं दिव्याखाली धरलं, आणि पहिल्यांदाच हसली. "बोट कैंसल," ती म्हणाली. मी साबण लावून हात धुतले, नीट धुतले, आणि गॅलरीत जाऊन पत्र्यावर थापा मारल्या.

"विलास, झाली रे! चांगली झाली!"

पलीकडून सुनीताचा आवाज आला, "ताई, हे रडून राह्यले."

माय आत खाटेवर टेकत होती. तिने ऐकलं. "त्याले म्हना, रडू नको," ती जोरात म्हणाली, "असं पानी वाया नको घालू. पे म्हना आधी. आपल्याले दोघायलेबी लागते."

मी तसंच पडद्याकडे तोंड करून सांगितलं. थोड्या वेळाने पलीकडे सीलबंद बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.